तुमाले काय आवडते?

चिखलीच्या स्टँडवर शाळेच्या गावी जाणाऱ्या एसटीची वाट पाहताना मला एक मावशी रोज दिसायच्या. भाजीचं दुकान मांडण्याआधी त्या तिथं झोपणाऱ्या निराधारांना गरम भाकरी वाटायच्या आणि बोलता बोलता त्यांच्या चादरींच्या घड्याही घालून टाकायच्या.

एक म्हातारा मात्र तीन दिवस अन्नाला शिवला नव्हता. बोलतही नव्हता. मावशींनी त्याच्यासमोर फतकल मारली. "बाबाजी, तुमाले काय आवडते?"

तो पुटपुटला, "भरीत."

मावशी वांगी भाजायला घरी निघाल्या.

"मावशी, दुकान?" मी विचारलं.

"राहू द्या हो सर! भुकेल्याले सारेच देतेत, पन त्याले काय आवडते हे कोनी इचारत नाही."

म्हातारा पोटभर जेवला आणि ही गोष्ट बाजारभर झाली. एका अडत्यानं रिकामं गोदाम दिलं, सुतारानं खाटा ठोकून दिल्या, शेजारणींनी स्वयंपाकाचे वार वाटून घेतले. आता तिथं पंधरा-वीस जण राहतात.

परवा मी सहज डोकावलो. तोच म्हातारा मावशींवर खेकसत होता, "असा कापतेत का कांदा? सरक, मी कापतो!"

मावशी हसू दाबत बाजूला सरकल्या.