सुनेचं दुखणं, सासूचं बोट

"मलम संपलं. आनखी द्या," म्हणत कोंडाबाईंनी रिकामी डबी माझ्या टेबलावर आपटली.

स्वातंत्र्याला वर्षभर अवकाश होता. इस्लामपुरात माझा नवाकोरा दवाखाना होता. रोगी होती कोंडाबाईंची सून अनुसया. स्तनाग्रावर चट्टा, खाज, खपली. पण सुनेनं पुरुष डॉक्टरपुढं पदर सारायचा नाही, ही घरची रीत. म्हणून सासूबाई स्वतःच्या लुगड्यावर बोट ठेवून "हितं" म्हणत आणि मी, डिग्रीवाला डॉक्टर, त्या बोटाकडं गंभीरपणे पाहून इसबाचं मलम देई. असे तीन महिने.

"दोन्हीकडं आहे?" मी सहज विचारलं.

"न्हाई वो, डावीकडंच."

"अंगावर पितं मूल?"

"धाकटं आठ वर्साचं हाय."

माझा हात डबीवरच थांबला. एकाच बाजूला, मलमाला न जुमानणारा चट्टा. पॅजेट्स डिसीज तर नसेल? हा क्वचित आढळणारा कॅन्सर. दुधाच्या नळीतून वर सरकतो आणि स्तनाग्रावर इसबाचं सोंग घेऊन बसतो.

"सुनेला आणा."

"तिला कशाला? मी दावते की."

मी सगळ्यात मोठी सिरिंज उचलली आणि सुई उजेडात धरून न्याहाळली. "बरं. मग तिचं इंजेक्शनही तुम्हीच घ्या. व्हा पालथ्या."

कोंडाबाईंनी सुईकडं पाहिलं, मग दाराकडं. "उद्या आनते."

आणली. मी चट्टा पाहिला आणि तिला सांगलीला धाडलं. तिथल्या सर्जननी चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला मुंबईला पाठवला. याला बायोप्सी म्हणतात. रिपोर्ट आला, तो कॅन्सरचाच. काखेतल्या गाठींसकट स्तन काढावा लागणार होता.

"घरात इचारून सांगते," कोंडाबाई पुटपुटल्या.

"आत्याबाई, दुखनं माझं हाय," अनुसया म्हणाली. रोग्याचा एवढा मोठा आवाज मी प्रथमच ऐकत होतो. "काढा, डाक्टर."

ऑपरेशननंतर सर्जननी मला कोपऱ्यात घेतलं. "गाठी साफ आहेत, तिथवर पसरलेला नाही. बाई जगेल. ते तीन महिने मलम देणारा वैदू कोण?"

"मीच, सर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि हात धुवायला गेले.

बारा वर्षं झाली. अनुसया अजून उसाच्या भांगलणीत, तण खुरपताना, सगळ्यांच्या पुढं असते. आता रोगी पाहिल्याशिवाय मी साधी पुडीसुद्धा देत नाही. लोक कोंडाबाईंना हसतात. मी हसत नाही. त्यांनी बोट बरोबर जागी ठेवलं होतं.