वरून विचारायचं, खालून सांगायचं

माझं काम खड्ड्यात उतरण्याचं आहे आणि मला खड्ड्यांची भीती वाटते. हे ऐकून लोक हसतात. हसू देत. उंचीला भिणारे गवंडी असतील, विजेला भिणारे वायरमन असतील, तशी मी मातीला भिणारी माती-सर्वेक्षक. उभा माणूस मावेल एवढा खड्डा खणून घ्यायचा, आत उतरायचं, एक भिंत चाकूने सोलून स्वच्छ करायची आणि वरपासून तळापर्यंत थर बघत जायचे. रंग कोणता, चिकणपणा किती, मुळं कुठवर गेलीत, चुना आहे की नाही. त्यावरून त्या मातीचा वर्ग ठरतो. टेबलावर बसून सांगायला हे सोपं आहे. आत उतरल्यावर माती कानाजवळ येते आणि माझे तळहात घामेजतात.

ही भीती कुठून आली तेही मला माहीत आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, चौसाळ्याच्या आसपास विहिरी खोदायचे. सुट्टीच्या दिवशी आई मला डबा देऊन तिकडे पाठवायची, आणि पोचले की मला काठावर बसवून एक काम दिलं जायचं. खाली उतरलेल्याला वरच्याने मधूनमधून विचारायचं, "हाय का?" खालून उत्तर यायला पाहिजे, "हाय." बास, तेवढंच. विहिरीत हवा कोंडते, दरड सुटते, माणसाला भोवळ येते. उत्तर आलं नाही तर बोंब ठोकायची आणि माणसं गोळा करायची, दुसऱ्यांदा विचारत बसायचं नाही. मी विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत काठावरचा दगड घट्ट धरून बसायचे. अण्णा कधीकधी गंमत म्हणून मुद्दाम उशीर करायचे. मी काठावर भोकाड पसरलं की खालून हसायचे आणि म्हणायचे, "हाय गं माय, हाय. कावून रडतीस?" घरी आल्यावर आई त्यांना चांगलं फैलावर घ्यायची.

आता आई नाही. अण्णा अंबाजोगाईला माझ्याकडे राहतात. त्यांना ऐकू कमी येतं, पण ते कबूल करतील तर शपथ. "टीव्हीवालेच हळू बोलायलेत आजकाल," म्हणतात आणि आवाज एवढा वाढवतात की शेजारच्यांनाही बातम्या कळतात. समोरासमोर बसलं की मात्र सगळं व्यवस्थित चालायचं, म्हणून मीही कानाच्या डॉक्टरचा विषय फार ताणला नाही. जंगलात काम असलं की ते काठी घेऊन माझ्याआधी गाडीत जाऊन बसतात. कारण काय, तर बिबट्या.

आष्टीच्या बाजूला बालाघाटाच्या माथ्यावर वनखात्याच्या झाडीचा एक तुकडा आहे. तिथला खड्डा माझ्या वाट्याला आला तेव्हा परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. खड्डा आदल्या दिवशी मजुरांनी खणून ठेवला होता. डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावताना ड्रायव्हरने सहज सांगितलं, "ताई, परवा खालच्या वस्तीवर शेळी नेली म्हणं त्यानं." एवढं बोलून त्याने सीट मागे केली आणि मोबाईल काढला. माझी पाचावर धारण बसली. अण्णांना हे ऐकू गेलं नव्हतं. मी त्यांना सांगितलंही नाही. आम्ही दोघं वर चढलो, मी प्रत्येक झुडपाकडे बघत आणि ते वाटेतल्या दगडांना नावं ठेवत.

माथ्यावर धावडा, सालई, मधूनमधून तेंदू. खाली पाचोळा. खड्ड्यात डोकावले आणि पहिल्यांदाच चपापले. माती लाल होती, काळपट लाल. आमच्या जिल्ह्यात काळ्या मातीवर माझं सगळं काम चालतं. ती माती मला घरच्यासारखी ओळखीची. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि खाली गेलं की तिच्यात चुन्याचे पांढरे खडे लागतात. आमच्याकडे बाटलीतल्या सौम्य आम्लाचा थेंब टाकला की माती फसफसते. थोडी असो, फार असो, फसफसतेच. मी खाली उतरले, भिंतीवर थेंब टाकला. काही नाही. अजून खाली टाकला. काही नाही. तळाशी टाकला, तरी माती गप्प.

बाटली खराब झाली असेल म्हणून पायथ्याशी उचलून खिशात टाकलेल्या चुनखडीवर टाकून बघितलं. ती उकळल्यासारखी फसफसली. मग रंग बदलणाऱ्या द्रावणाची चाचणी केली. आमच्याकडे हिरवा-निळा रंग येतो, इथे पिवळा आला. माती आम्लधर्मी होती. चिमूटभर ओली करून अंगठ्याने तर्जनीवर पुढे ढकलली तर लांबच लांब पट्टी निघाली, तुटेचना. म्हणजे चांगली चिकण. ढेकूळ फोडलं तर आतल्या बाजूंना मेणचट चकाकी दिसली. वरच्या थरातली चिकणमाती पाण्याबरोबर खाली उतरून तिथे तिचा लेप बसला होता. या डोंगराने किती पाऊस खाल्ला असेल, किती काळ त्याचा चुना धुऊन गेला असेल, याचा अंदाज करायला लागले आणि अंगावर काटा आला. आनंदाचा का भीतीचा, ते त्या क्षणी मला सांगता आलं नसतं. ओळखीच्या गावात रस्ता चुकल्यासारखं वाटत होतं.

वर्ग कुठला द्यायचा हा खरा प्रश्न होता. दोनच वर्ग शक्य होते. दोन्हींत चिकणमाती वरून खाली उतरलेली असते. फरक एवढाच की एकात तळाशी झाडांच्या कामाचे क्षार अजून टिकून असतात आणि दुसऱ्यात तेही धुऊन गेलेले असतात. पहिल्याला अल्फिसॉल म्हणतात, दुसऱ्याला अल्टिसॉल. डोळ्यांनी बघून हे कळत नाही. तळाचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत द्यावा लागतो. म्हणून मला खाली वाकून, भिंतीकडे तोंड करून, अगदी बुडातून माती काढायची होती.

आमच्या कामाचा एक नियम आहे. जी भिंत तपासायची, तिच्या वरच्या जमिनीवर कुणी पाय ठेवायचा नाही. वरचा पाचोळा, वरची माती जशीच्या तशी राहिली पाहिजे, नाहीतर पहिलाच थर दाबला जातो आणि सगळं खोटं ठरतं. मी तिथे दोन खुंट्या ठोकून सुतळी बांधते. अण्णांना ते ठाऊक होतं. त्या दिवशीही ते समोरच्या बाजूला, पायऱ्या खणल्या होत्या तिथे दगडावर बसले होते, माझ्या पाठीकडे. काठी मांडीवर, नजर झाडीत.

"हाय का?" वरून आलं.

मी वळून वर बघितलं, "हाय, अण्णा." त्यांनी मान हलवली.

थोड्या वेळाने पुन्हा, "हाय का?" मी पुन्हा वळले, "हाय." मला जरा रागच आला होता. विहीर नाही, काही नाही, ऊन पडलंय, आणि यांचं चालूच. पण खरं सांगू? त्या हाकेने धीरही येत होता. माझे कान झाडीकडे लागले होते. पाचोळा वाजला की हातातला चाकू थांबायचा. बिबट्या आला तर मी खड्ड्यात आणि अण्णा वर एकटे, हाच विचार डोक्यातून जात नव्हता. भिंतीची भीती त्या दिवशी मी चक्क विसरले होते.

मग मी तळाशी वाकले. भिंतीत वरून खाली गेलेलं जुनं, कुजलेलं मूळ होतं. त्याच्या पोकळीतून पावसाचं पाणी आत झिरपलं होतं, आणि तिथली माती बोट घातलं की लोण्यासारखी आत जात होती. मी तिच्या बाजूने नमुना काढून पिशवीत भरत होते.

"हाय का?"

"हाय," मी भिंतीलाच सांगितलं.

"हाय का गं?"

"हाय ना अण्णा! कितीदा सांगू?" मी ओरडले, पण मान वर केली नाही.

तिसरी हाक आली नाही. पाचोळा वाजला, माझ्या डोक्याच्या अगदी वर. मला बिबट्याच वाटला. मी उभी राहून मान वर केली तेव्हा सुतळीच्या आत अण्णांचे पाय दिसले, मग गुडघे, मग वाकलेला चेहरा. ते मला बघायला पुढून आले होते. मी "अण्णा, मागं व्हा" म्हणाले असेन, किंवा म्हणायचं राहिलं असेल. भिंतीत वरपासून एक चीर आली. आवाज फार झाला नाही. ओलं पोतं जमिनीवर टाकावं तेवढाच.

माती छातीपर्यंत आली आणि मला मागच्या भिंतीवर दाबून थांबली. तोंड मोकळं होतं. मला वाटलं, चला, वाचले. मग श्वास सोडला आणि पुन्हा घ्यायला गेले तर छाती उघडेना. श्वास सोडला की चिकणमाती तेवढी जागा लगेच घेते आणि परत देत नाही. प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा लहान येत होता. मी ओरडायला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. विहिरीच्या काठावर बसून लहानपणी ज्याला भीत होते ते हेच होतं, हे मला अगदी स्वच्छ कळलं.

अण्णा मातीबरोबर गुडघ्यांवर आत घसरले होते. उठले आणि डोंगराच्या उताराकडे तोंड करून त्यांनी अशी बोंब ठोकली की झाडावरची पाखरं उडाली. ड्रायव्हर धावत वर येईपर्यंत ते हातांनीच माझ्या गळ्याखालची माती उकरत होते. ड्रायव्हरने येऊन माझे खांदे धरले.

"ओढू नको बे!" अण्णा खेकसले. "कंबर तुटंल तिची. आधी छाती मोकळी कर."

मजुरांनी काठावर ठेवलेली हत्यारं घेऊन दोघंही उकरायला लागले, अण्णा फावड्याने, ड्रायव्हर घमेल्याने. तेवढ्यात मला वर दिसलं. उरलेली भिंत अण्णांच्या पाठीवर झुकलेली होती. तिच्यातल्या चिरेतून मातीचे खडे सुटून त्यांच्या मानेवर पडत होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मी आता स्वतःसाठी घाबरत नव्हते. ही भिंत पडली तर अण्णा जाणार, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या अंगावर. अण्णा, वर जा. अण्णा, वर जा. मी म्हणत होते, पण म्हणायला लागणारी हवाच माझ्यात नव्हती. फक्त ओठ हलत होते.

ड्रायव्हर रडकुंडीला आला. "अण्णा, ताई काईच बोलनात! अण्णा, ताई गेल्या की काय!"

अण्णांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. तसंच, जसं ते जेवताना बघतात, गाडीत बघतात, मी काही सांगायला लागले की बघतात.

"गप बे," ते म्हणाले. "बोलायली की ती. वर जा म्हणायली मला." आणि मला म्हणाले, "न्हाई जात. काय करायचं ते कर."

ते उकरत राहिले. दर थोड्या वेळाने थांबायचे, कपाळावरची माती पुसून माझ्या तोंडासमोर तोंड आणायचे आणि विचारायचे, "हाय का?" मी ओठ हलवायचे. ते मान हलवायचे आणि पुन्हा फावडं मारायचे. जगात तेव्हा माझं बोलणं ऐकू येणारा तो एकच माणूस होता.

छाती मोकळी झाली, मग कंबर. मला पायऱ्यांच्या बाजूने बाहेर काढून पाचोळ्यावर झोपवलं आणि त्यानंतर काही वेळाने उरलेली भिंत कुणी न सांगताच खड्ड्यात बसली. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. आष्टीला दवाखान्यात माझी मूठ उघडली तेव्हा तिच्यात नमुन्याची पिशवी होती. त्या पिशवीवरून ती माती अल्फिसॉल ठरली. आम्लधर्मी, चिकण, चुन्याचा लवलेश नसलेली, पण तळाशी थोडा जीव राखून असलेली.

खाटेजवळ बसून अण्णा नखांतली लाल माती काढत होते. मग म्हणाले, "तुजं तोंड दिसंना, म्हून म्होरं आलो." एवढंच. त्यानंतर ते मुकाट्याने कानाच्या डॉक्टरकडे आले. मशीन घेतलं. ते पेटीतच असतं.

मी अजून खड्ड्यात उतरते आणि अजून भिते. आधीपेक्षा जास्त. उतरण्याआधी भिंती उतरत्या कापून घेते, ओलसर मूळ दिसलं तर दुसरीकडे खणायला सांगते, आणि तरीही खाली गेल्यावर पहिले काही श्वास मोजून-मापून घेते. अण्णा पायऱ्यांकडच्या दगडावर बसतात. वरून विचारतात, "हाय का?" मी हातातलं काम ठेवते, पूर्ण वळते, तोंड उन्हात धरते आणि आवाज न करता सांगते.