मला न आवडलेले फौजदार

फौजदारसाहेबांनी दोन वर्षांत मला एकदाही नावानं हाक मारली नाही. "ओ बाई, इकडं या," एवढंच. नांदेड जिल्ह्यात गोदावरीकाठच्या एका ठाण्यात मी शिपाई होते आणि ते मला मुळीच आवडत नव्हते. ते गेल्यावर सगळेच गोड बोलू लागले, म्हणून हे आधीच सांगते.

माणूस तोंडाचा फटकळ. लातूरला माझ्या आईचं ऑपरेशन होतं, मी रजा मागितली. जत्रेचा बंदोबस्त होता. अर्जावरून मान वर न करता म्हणाले, "तुम्ही डॉक्टर हायत का? मग तिथं जाऊन काय करणार?" आई वाचली, पण तिला आत नेताना मी जवळ नव्हते. ते मी विसरले नाही.

चोरटी वाळू नेणाऱ्या टिप्परांना ते कुणाचाही फोन आला तरी सोडत नसत. एकदा नाक्यावर मी एक टिप्पर सोडला. चालक माझ्या माहेरचा, शेजारच्या घरातला. "ताई, एवढ्या बारी जाऊ द्या," म्हणाला आणि माझ्यानं नाही म्हणवेना. साहेबांना कळलं. सगळ्या ठाण्यासमोर त्यांनी विचारलं, "नदी तुमच्या बापाची हाय का बाई, वळखीच्यांना वाटायला?" चूक माझीच होती. पण माझा बाप वारून वर्षही झालं नव्हतं.

मी त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार केली. ती त्यांच्याच हातून वर जायची होती. त्यांनी उभ्यानं वाचली आणि 'सार्वजनिक'ची वेलांटी लाल पेनानं दुरुस्त केली. "नीट लिहून आणा. वरचे ठाण्याला हसतील." मी पुन्हा लिहून आणली. त्यांनी सही करून पाठवून दिली. त्या थंडपणाचा मला जास्तच राग आला.

पुढच्याच आठवड्यात उमरी रस्त्यावर नाकाबंदी होती. मी जीपमध्ये चढले, तर म्हणाले, "उतरा. तुमचा भरोसा न्हाई. ठाण्यात बसा." सगळ्यांदेखत उतरले. मनातल्या मनात त्यांना नको ते बोलले.

सकाळचे नऊ वाजत आले होते, तेव्हा वायरलेसवर बातमी आली. टिप्पर थांबेना म्हणून साहेब हात वर करून रस्त्याच्या मध्ये गेले. चालकानं ब्रेक दाबला नाही. साहेब जागीच गेले.

शोकसभेत टिप्पर सोडवायला फोन करणारेच हार घेऊन पुढं होते. साहेब किती प्रेमळ होते, हे त्यांच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगाची आग होत होती. प्रेमळ नव्हतेच ते.

पंधरा दिवसांनी त्यांच्या पत्नी कपाटातलं सामान न्यायला आल्या. मी वस्तू काढून देत होते. त्यांनी विचारलं, "खरं सांगा, कसे होते हो इथं?"

मला खोटं बोलवेना. "लई टोचून बोलायचे, काकू."

"हाव," त्या म्हणाल्या. "घरीबी तसंच." आणि इतके दिवस कुणापुढं न रडलेली ती बाई माझा हात धरून रडू लागली.