बयाबाईच्या इर्जिकीचं आवतण

बयाबाई हळू बोलायला लागली की कुणीतरी रेड्याला झोळीत घालून जोजवतंय असं वाटायचं. तिचा आवाज त्या कामाचा नव्हताच. ती मूळची पासलीच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यातली. तिथं चार घरं, आणि तीही डोंगराच्या दोन सोंडांवर वाटलेली. मधे खोल दरी. शेजारणीकडं विस्तव मागायचा तरी या सोंडेवरून त्या सोंडेवर हाक मारायची. बयाबाईचा गळा अशा हाकांवर पोसलेला.

मग एका साली बुळकांडीची साथ आली आणि महिन्याभरात त्यांची अकरा जनावरं गेली. उरली एक चांदरी म्हैस. तिला पुढं घालून बयाबाई आणि तिचा नवरा नाथा खाली पासलीत आले. गावानं नाथाला गुरं राखायला दिली, आणि ओढ्याकडेचं कैक वर्षं पडीक असलेलं भाताचं खाचर कसून खायला दिलं. नाथाचं बरं आहे. तो दिवसभरात पाच शब्द बोलतो, त्यांतले तीन गुरांशी. अडचण बयाबाईची झाली.

पहिल्याच दिवशी ती पाणवठ्यावर गेली आणि शेजारी उभ्या असलेल्या धोंडाबाईला तिनं सहज विचारलं, "भाकरी झाल्या काऽऽ?" ओढ्यापलीकडं माझ्या वडलांची शाळा भरली होती. रखमाजी मास्तर म्हणजे माझे वडील. आम्ही किकवीचे, बदली होऊन पासलीत आलेले. पाढे म्हणणारी पोरं गप्प झाली, आणि वडील छडी हातात घेऊन, साहेब तपासणीला आला की काय म्हणून दारात आले.

धोंडाबाईनं घागर खाली ठेवली, कानात करंगळी फिरवली आणि म्हणाली, "अगं बये, हितंच उबी हाय की म्या! तोरन्यावर न्हाई गेले!"

बायका एवढ्या हसल्या की ठकुबाईची घागर फुटली. त्या दिवसापासून बयाबाईचा आवाज गेला. म्हणजे तिनं तो गिळला. बोलली तर अर्धे शब्द ओठांत, अर्धे पदरात. लावणीला इतर बायका गाणी म्हणायच्या तेव्हा ही नुसते ओठ हलवायची. मी तिच्या शेजारून रोप लावत गेले आहे म्हणून सांगते, एक सूर बाहेर येत नव्हता.

आता मी तिथं कान देऊन का होते, तर मला सगळ्यांचे आवाज काढायचा नाद आहे. गेनबा बोलण्याआधी तीनदा खाकरतो आणि तिसऱ्या खाकरीला काय बोलायचं तेच विसरतो. धोंडाबाई श्वास बाहेर सोडताना भांडते आणि आत घेतानाही भांडते. आणि माझा सगळ्यात भारी आवाज म्हणजे चंद्राबाई पाटलीणबाईंचा. त्यांचं माहेर भोरचं. त्यांचं बोलणं म्हणजे लोण्यावरून सुरी. प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक "हं" असतो, तो नाकातून निघतो आणि ऐकणाऱ्याच्या खांद्यावर पिसासारखा येऊन बसतो. हा "हं" बसवायला मला पंधरा दिवस लागले.

तर गेल्या आषाढात, म्हणजे सन सदतीसच्या, बयाबाई आमच्या दारात येऊन उभी राहिली. इकडंतिकडं बघितलं आणि कुजबुजली, "रतन, तू समद्यांचं बोलनं काडतीस म्हनं."

मला वाटलं, हिचीही नक्कल मी करते ते हिला कळलं. मी पळायच्या बेतात होते.

"मला बी शिकीव," ती म्हणाली.

"काय?"

"चार मानसांत कसं बोलायचं ते. औंदा माझी इर्जिक हाय."

इर्जिक म्हणजे काय ते पासलीत पाळण्यातल्या पोरालाही कळतं. भाताची लावणी एकट्या घराला उरकत नाही. आज सगळ्यांनी याच्या खाचरात वाकायचं, उद्या त्याच्या. ज्याचं खाचर, त्यानं दुपारचं जेवण घालायचं. बयाबाई आणि नाथा दोन सालं सगळ्यांच्या इर्जिकीला राबले होते. बयाबाई तर दोघींची ओळ एकटी ओढायची. पण त्यांचं स्वतःचं खाचर दोन वर्षं दगड वेचण्यात आणि बांध घालण्यात गेलं होतं. यंदा पहिल्यांदा रोप तयार होतं, आणि पहिल्यांदा आवतण द्यायचं होतं.

"आले तर आमी गावचं," बयाबाई म्हणाली. "न्हाई आले तर आमी आपलं गुराकी. उद्या वर जा म्हनलं तरी जायाचं." मग आणखी आवाज खाली नेऊन, "म्या माझ्या तोंडानं बोलले तर हसत्याल गं. पाटलीनबाई कशा बोलत्यात! तसं शिकीव."

मला दुसरं काय पाहिजे होतं! पाटलीणबाई आपल्या लावणीला बोलवायला दारोदार जातात तेव्हाचं त्यांचं अख्खं बोलणं मला पाठ होतं. ते मी तिला मानेच्या झोक्यासकट शिकवलं.

"उद्या आमच्याकडं लावणी आहे बरं का. सवड काढून यावं हं. तुमचं जे काही असेल ते संध्याकाळी आमच्या घरून घेऊन जावं हं."

दोन दिवस गोठ्यात तालीम चालली. बाकीचं जमलं, पण बयाबाईचा "हं" काही केल्या पिसासारखा बसेना. तो म्हशीला वळवल्यासारखा यायचा. चांदरी म्हैस प्रत्येक "हं"ला दोन पावलं पुढं सरकत होती. शेवटी मी म्हटलं, "असू दे, बयाबाई, चालतंय."

तिसऱ्या दिवशी आम्ही आवतण द्यायला निघालो. बयाबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. धोंडाबाईच्या दारात उभं राहून तिनं सगळं म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. धोंडाबाई तिच्याकडं बघतच राहिली. मग फक्त म्हणाली, "बरं." ठकुबाई म्हणाली, "बगू." गेनबा तीनदा खाकरला आणि घरात निघून गेला. मी प्रत्येक दारातून परतताना बयाबाईला कोपरानं ढोसत होते: बघ, कसे गार झाले! कुणी हसलं का? कुणीच हसलं नव्हतं. तेवढ्यावरच आम्ही दोघी खूश.

इर्जिकीच्या दिवशी नाथानं उजाडायच्या आत रोप उपटून त्याच्या जुड्या चिखलात मांडून ठेवल्या. रोप एकदा उपटलं की थांबत नाही, त्याच दिवशी लागावं लागतं. बयाबाईनं नाचणीच्या भाकरींची चळत रचली होती, हुलग्यांचं कालवण केलं होतं, आणि आठ दिवस साठवून मडकंभर दही लावलं होतं. मी मदतीला म्हणून गेले. पाऊस बारीक, कामाला सोयीचा. खाचरात घोटाभर पाणी, बांधावर आम्ही तिघं.

कासराभर दिवस वर आला. कुणी नाही.

"पाऊस हाय, म्हनून," बयाबाई म्हणाली. पावसात लावणी करायची नाही तर कधी करायची, हे तिलाही माहीत होतं.

नाथा म्हणाला, "येत्याल." त्या दिवसाचा त्याचा तो पहिला शब्द होता. आणखी थोड्या वेळानं तो एकटाच खाचरात उतरला आणि लावायला लागला. एवढ्या मोठ्या खाचरात वाकलेला एकटा माणूस. मला बघवेना. मी धूम पळत धोंडाबाईचं घर गाठलं.

धोंडाबाई ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती, म्हणजे तांदळाशी भांडत होती.

"धोंडाबाई, चला की! रोप पडलंय तिकडं."

"आमी न्हाई कुनाच्या मजुरीला जात."

"मजुरी कसली? इर्जिक आहे ना?"

"इर्जिक?" तिनं सूप आपटलं. "इर्जिकीचं आवतन आसं देत्यात? 'तुमचं काय आसंल ते घरनं घिऊन जावा' म्हनं! पाटलीनबाई म्हनती, तिचं ठीक हाय. ती रोजावर बोलावती, पायलीभर नाचनी देती, इर्जिकीत कवा उतरली न्हाई. आन् ही बया आमाला रोज देनार? मला सांग, दोन सालं ती आमच्या वावरात कंबर मोडस्तवर राबली. आमी तिला पसाभर तरी दिलं का? न्हाई दिलं. का न्हाई दिलं? आपलं मानूस म्हनून! आता तिनं दिलं, म्हंजी आमी बी तिचं दोन सालाचं मापून टाकायचं का? मंग ती कोन आन् आमी कोन?" बोलता बोलता तिचे डोळे भरले होते आणि त्याचाही तिला राग आला होता. "आन् वर ते नाकातलं हं हं! जा, सांग तिला!"

मी तिथंच खांबाला धरून उभी राहिले. पासलीतल्या चार इर्जिकींना मी स्वतः गेले होते. आवतण कसं देतात ते या कानांनी ऐकलं होतं. चालता चालता, डोक्यावरचा भारा न उतरवता म्हणायचं, "उद्या आमची लावनी हाय, यायचं!" एवढंच. त्यात 'यावं' नाही, 'सवड' नाही, 'घेऊन जावं' तर नाहीच नाही. पाटलीणबाईंचा सूर उचलताना तो कशासाठी लावतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

बांधावर परत येऊन मी बयाबाईला सगळं सांगितलं. धोंडाबाईच्याच आवाजात निघालं ते. मला दुसऱ्या कुठल्या आवाजात सांगता येईना. बयाबाई ऐकत गेली. "आपलं मानूस म्हनून" या शब्दांशी तिनं मला थांबवलं.

"आसं म्हनली?"

"असंच."

"परत म्हन."

मी परत म्हटलं. बयाबाईनं डोक्यावरची घोंगडीची खोळ मागं सारली, बांधाच्या उंच टोकाला गेली, पाय फाकून उभी राहिली आणि तोंडाशी हात धरला. नाथानं खाचरातून मान वर केली आणि पहिल्यांदाच मी त्याला हसताना पाहिलं.

"एऽऽऽ धोंडाबाईऽऽऽ!"

पलीकडच्या झाडावरचे बगळे उठले. शाळेतले पाढे बंद पडले.

"मजुरी न्हाई देनार गंऽऽऽ! पसाभर बी न्हाईऽऽऽ! इर्जिक हाय, इर्जिकऽऽऽ! ठकुबाईऽऽऽ, गेनबाऽऽऽ, समद्यांनी यायचंऽऽऽ! कालचं त्वांड माजं नव्हतंऽऽऽ, पाटलीनबाईचं उसनं आनल्यालंऽऽऽ! ह्ये माजं हायऽऽऽ! ऐकू येतंय का न्हाईऽऽऽ?"

क्षणभर नुसता पाऊस. मग गावाकडून धोंडाबाईचा आवाज आला, लांबून चिरकत, "मेल्याला बी ऐकू यील! येतो! आन् वरडू नगंस, माजं वासरू दावं तोडून पळालंऽऽ!"

"कुठंशी पळालंऽऽऽ?"

"तुज्याकडंच यितंयऽऽ!"

आणि खरंच, सगळ्यांत आधी वासरू आलं. त्याच्यामागं धोंडाबाई आणि तिचा नवरा मानसिंग, त्यांच्यामागं डोक्यावर इरली घेतलेल्या बायका, आणि दुपारच्या सुमारास गेनबा, तोही न खाकरता. ओळ लागली. कुणी मागचं काढलं नाही. फक्त धोंडाबाई वाकता वाकता म्हणाली, "काय बया, आज हं न्हाई का गं हं?" आणि सगळ्या ओळीला हसू फुटलं. बयाबाईसुद्धा हसली. तिचं हसणं दोन सोंडांपलीकडं गेलं असेल. मग गाणं निघालं आणि त्यात एक आवाज सगळ्यांच्या वर चढला, सुरात नव्हता, पण कुणी त्याला खाली ओढलं नाही. दिवस मावळायच्या आत खाचर हिरवं झालं. दही पुरलं. भाकरी कमी पडल्या, तर ठकुबाईनं घरून आणल्या.

राहिली एकच भीती. बयाबाईनं जे ओरडून सांगितलं, ते पाटलांच्या घरीही पोचलं होतं. न पोचायला पाटील काय पुण्यात राहतात? तिसऱ्या दिवशी चंद्राबाई पाटलीणबाई स्वतः पाणवठ्यावर आल्या. मी धोंडाबाईच्या मागं लपले.

"काय गं बयाबाई," त्या लोण्यासारख्या म्हणाल्या, "माझं तोंड उसनं नेलं होतंस म्हणे?"

"न्येलं व्हतं," बयाबाई भरघोस आवाजात म्हणाली. "बसलं न्हाई. परत केलं."

पाटलीणबाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. "उद्या आमच्याकडं लावणी आहे बरं का," त्या म्हणाल्या. "सवड काढून यावं हं."

"यीन की! पर रोज न्हाई घ्यायची. इर्जिक म्हना, मंग समद्याच येतो. आन् माज्या पुढल्या लावनीला तुमी यायचं."

चिखलात उतरण्याचा पाटलीणबाईंनी जन्मात विचार केला नसावा. घागर भरेपर्यंत त्या उभ्या राहिल्या आणि घराकडं निघाल्या. बरंच वर चढून गेल्यावर थांबल्या, वळल्या, तोंडाशी हात धरला.

"इर्जिक आहे होऽ! याऽ!"

खरं सांगते, शेजारच्या झुडपातली चिमणीही उडाली नाही. पण त्या हाकेच्या शेवटी "हं" नव्हता.

बयाबाईनं घागर खाली ठेवली, छातीभर वारा घेतला.

"पोटातनं, पाटलीनबाईऽऽऽ! पोटातनं यिऊ द्याऽऽऽ!"

पाटलीणबाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली. ती बरी होती. आता ती बसवायला मला किती दिवस लागतील, बघू. बयाबाईची मात्र मी सोडून दिली आहे. तिच्यासाठी आधी एक दरी लागते.