पूजेत राहिलेले कार्बन ब्रश

भूतखेत, चमत्कार असलं काही कुणी सांगायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. मीटर दाखवतो तेच खरं... पण हे माझ्याच हातून घडलंय, त्यामुळे उठून तरी कुठं जाऊ?

दिंद्रुडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दुष्काळाचं साल होतं, दिवस खंडेनवमीचा. हत्यारं पूजेला मांडली की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा आमचा नेम. दूध सोसायटीची पेट्रोल व्हॅन दारात उभी होती. अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत नव्हता, म्हणून मी तो काढून ठेवलेला. झिजलेले कार्बन ब्रश फेकून नवे आणले होते. ते आत नसले तर अल्टरनेटर नुसता फिरतो, वीज बनत नाही; आणि विजेच्या ठिणगीशिवाय पेट्रोलचं इंजिन चालत नाही.

दुपारी व्हॅनचा ड्रायव्हर परमेश्वर पळत आला. सोसायटीच्या चारा डेपोत पेंडी उचलताना त्याच्या आईला साप चावला होता.

"आण्णा, गावात दुसरी गाडी न्हाई हो! कायबी करा!"

मी पूजेकडं बघत उभा. तशी बायको खेकसली, "बघता काय? उचला पाने! देवीला काय कळत न्हाई व्हय?"

घाईघाईत अल्टरनेटर बसवला. बॅटरी पार खलास, हॉर्नसुद्धा नीट वाजेना. धक्का मारून गाडी चालू केली, मीटर लावला — चौदा व्होल्ट. एकदम ठीक. व्हॅन अंबाजोगाईच्या दवाखान्याकडं निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उचलली, तर झेंडूखाली नवे ब्रश! हळदकुंकू लावलेले.

"तुमीच म्हणलात ना, नवं सामान हाय, मांड म्हणून," बायको म्हणाली.

म्हणजे घाईत मी अल्टरनेटर ब्रशशिवायच बसवला होता! गाडी वाटेत बंद पडली असणार, म्हातारी माझ्यामुळं गेली असणार... परमेश्वरचा फोन लागेना. खरं सांगतो, लई भ्यालो.

दुपारी व्हॅन दारात. परमेश्वरनं आपट्याची पानं हातात ठेवली. "आई वाचली आण्णा. डॉक्टर म्हणले, येळेवर आणलं."

"गाडी कुठं बंद पडली का?"

"न्हाई बा! कावून?"

मी तिथंच अल्टरनेटर खोलला. ब्रशची जागा रिकामी.

माजलगावच्या एका जुन्या मिस्त्रीला सांगितलं, तर म्हणाला, "मीटर खराब असंल बे." असेल बाबा! मग गाडी कशावर चालली?

परमेश्वरची आई, आमच्या काकू, आता ठणठणीत आहेत. दर दसऱ्याला येतात, "तू व्हतास म्हणून वाचले रे लेकरा," म्हणत माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडतात. ब्रशचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.