रिकामा डबा

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलेय. रस्त्यात टाकलेल्या लिंबावरून खुशाल गाडी घालणारी बाई मी... त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय. पण सांगितल्याशिवाय ही मळमळ जायची नाही.

घर माझं सोलापुरात, सात रस्त्याजवळ. नोकरी लागली करकंबला, औषधं पोचवणाऱ्या ड्रोनच्या केंद्रावर. ड्रोन आपला आपणच उडतो. वस्तीवर अंगणात अंथरलेली खुणेची चटई बघून उतरतो. ज्याचं औषध त्याच्याच मोबाईलवर आलेला नंबर दाबला की डबा उघडतो. औषध काढून झाकण लावलं की स्वारी परत. आम्ही डबा भरायचा आणि धुवायचा, बस.

अंजनामावशी उसाच्या फडापलीकडे एकट्या राहायच्या. मुलगा पुण्याला. साखरेचं दुखणं, त्यात पायाला जखम, चालवत नव्हतं. त्यांचं इन्सुलिन ड्रोननं जायचं. परत आलेल्या डब्यात हमखास भाकरी-ठेचा, निळ्या पट्ट्यांच्या जुन्या टॉवेलच्या तुकड्यात बांधलेला. असं करू नका म्हणून फोन केला, तर म्हणाल्या, "दुसऱ्याचा डबा रिकामा कसा धाडायचा, पोरी? आपल्यात न्हाय तसं." मग काय, मी खायची की. लई चव होती त्या ठेच्याला.

मॅनेजरला मात्र किळस. औषधाच्या डब्यात खरकटं नको म्हणाला आणि मावशींची डिलिव्हरीच बंद केली. हवं असेल तर इथं येऊन न्या. त्यांच्या पायाचं सांगून मी भांडले, तर मलाच नियम ऐकवले. शेवटी मुलाला कळवलं. शेजाऱ्याला पाठवतो म्हणाला. तो शेजारी काही आला नाही आणि मावशींचा फोनही लागेनासा झाला.

मग एका दुपारी भलत्याच वस्तीवरून तक्रार आली — डबा कुजका वास मारतोय, उघडणारसुद्धा नाही, औषध नको. शक्यच नव्हतं. सकाळी मीच फिनेल लावून तो घासला होता. ड्रोन परतला, झाकण उघडलं... शी! बुरशीनं हिरवी पडलेली भाकरी, तिच्यात वळवळणाऱ्या अळ्या, आणि खाली निळ्या पट्ट्यांचा टॉवेल. तिथंच ओकले मी. स्क्रीनवर पाहिलं. ड्रोन सरळ त्या वस्तीवर जाऊन सरळ परत आलेला. जाता-येता वजन औषधाचं तेवढंच. मावशींच्या बाजूला फिरकलासुद्धा नव्हता.

स्कूटी काढली आणि गेले. मावशींचं दार नुसतं लोटलेलं. आत पाऊल टाकलं आणि नाकात तोच वास, अगदी तोच. मावशी खाटेवर, पाय काळानिळा, त्यावर माशा घोंगावताहेत, आणि जखमेत... जाऊ दे. ते नाही लिहिता येत. मी पदर नाकाला लावला आणि विचारलं, मावशी, भाकरी कशी पाठवली हो तुम्ही?

"भाकरी?" त्यांचा आवाज निघत नव्हता. "उठलीच न्हाय गं मी. चूल कुटं पेटलीय?"

चूल खरंच थंड होती. पिठाच्या डब्यात मुंग्या.

अ‍ॅम्ब्युलन्सनं सोलापूरला आणलं. पाय कापावा लागला, पण मावशी वाचल्या. आणखी एक दिवस गेला असता तर वाचल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. बंद डब्यात ती भाकरी कुणी ठेवली, हे मला आजही सांगता येत नाही. टॉवेलचा तुकडा धुवून ठेवलाय, एवढाच पुरावा.

आता भाकरी आठवली तरी मला ओकारी येत नाही. ती येते एका फोननं. मावशींना ऑपरेशनला आत नेलं होतं, मी बाहेर बाकावर बसलेली, आणि मॅनेजरचा फोन आला. बाई कशी आहे, हे त्यानं विचारलंच नाही.

"डब्याचा वास गेला का?" म्हणाला. "उद्या तोच लावायचाय."