सगळेच ओळखीचे

माझी आक्का औशाजवळच्या एका खेड्यात अंगणवाडीसेविका होती. तिच्या हाताखालून गेलेली पोरं मिसरूड फुटल्यावर समोर आली तरी ती क्षणभर बघायची आणि म्हणायची, "तू खिचडीतले वाटाणे वेचून टाकणारा." पोरगं लाजायचं. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझ्या वेण्या तिनंच घातल्या.

चार वर्षांपूर्वी तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती बरळायला लागली, झटके आले. तिच्या नवऱ्यानं, आमच्या दाजींनी, तिला लातूरला हलवलं. मी नांदेडहून पोचले तेव्हा ती बेशुद्ध होती. मेंदूज्वर, असं सांगितलं. सतरा दिवसांनी घरी आली, तेव्हा चालत होती, भाकरी थापत होती. आम्हाला वाटलं, निभावलं.

मला पोचवायला ती फाट्यावर आली. तिथं बसची वाट बघणाऱ्या एका बाईचे तिनं दोन्ही हात धरले. "लई दिवसांनी भेटलात! घरी समदी बरी हायत ना?"

बाई गोंधळली. "मी ओळखलं न्हाई तुम्हाला."

"मी ओळखलं की. कुठं बघितलंय, तेवढं ध्यानात येईना."

मग गॅसवाला, पेरूवाली, बाजारातला पोलीस, सगळेच तिला ओळखीचे वाटायला लागले. आम्ही तिला पुन्हा लातूरला नेलं. डोक्याला वायरी चिकटवून मेंदूच्या लहरी तपासल्या. नंतर डॉक्टरांनी एकेक चित्र दाखवलं: कंदील, बैलगाडी, कात्री. थोड्या वेळानं त्यात नवी चित्रं मिसळून विचारलं, यातली आधी कुठली बघितली? आक्का प्रत्येकाला म्हणाली, "हे बघितलंय." विमान तर आधी दाखवलंच नव्हतं. "तेबी बघितलंय."

डॉक्टर म्हणाले, "ओळखीचं वाटणं वेगळं आणि कुठं, कधी भेटलो ते आठवणं वेगळं. यांचं आठवणं दुखावलंय. ओळखीचं वाटणं मात्र थांबत नाही."

दाजींनी हळूच विचारलं, "मग मला ओळखती, ते खरं का खोटं?"

"अजून खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "पण झटके पुन्हा येऊ द्यायचे नाहीत."

गोळ्या चालू असूनही झटके आले. दर वेळी थोडं आणखी गेलं. पुढच्या उन्हाळ्यात मी तिचे केस धूत होते, तेव्हा ती म्हणाली, "तुमचा हात लई ओळखीचा हाय, बाई. तुम्ही कुठल्या गावच्या?" जन्मभर मला 'तू' म्हणणारी माझी बहीण. मी तांब्या भरून पाणी ओतत राहिले.

दाजी रोज सकाळी तिला सांगायचे, "मी तुझा मालक." ती हसून म्हणायची, "हाव, ओळखते की." गॅसवाल्याकडं बघूनही ती तसंच हसायची. एकदा ते मला म्हणाले, "न्हाई ओळखलं असतं तर बरं झालं असतं. नव्यानं ओळख तरी करून दिली असती."

मागच्या हिवाळ्यात दाजी गेले. शेतातून आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि संपलं. माणसं जमली तशी आक्का दारात उभी राहिली. "या, या. लई दिवसांनी आलात." बायांनी पदर तोंडात धरले. मी तिला आत दाजींजवळ नेलं. तिनं बराच वेळ बघितलं.

"ह्यांना बघितलंय मी. कुठं बरं?"

"दाजी हायत, आक्का. तुझे मालक."

"हाव?" म्हणत ती उशाशी बसली. त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. तेवढ्यात बाहेर कुणीतरी आलं, आणि ती उठून दाराकडं गेली.

आता ती नांदेडला माझ्याकडं असते. मी शाळेत शिकवून घरी आले की ती खुर्ची पुढं सरकवते, "बसा बाई, दमलात" म्हणते. सुरुवातीला मी रोज सांगायचे, मी तुझी धाकटी बहीण. ती सभ्यपणानं मान हलवायची. ती तशी मान हलवली की मी आत जाऊन रडायचे. आता मी सांगत नाही. नुसती तिच्याजवळ बसते.